अद्भुताचे नियम: भूमिकाखेळ, राक्षस आणि वसईची भुते

१

अद्भुतरम्य वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा संभाव्यतेच्या कसोटीवर होत आला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) घ्या किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) घ्या, वर्गातली चर्चा ‘असे प्रत्यक्षात घडू शकते काय?’ या एका प्रश्नाभोवती फिरते. उत्तर अर्थातच नकारार्थी येते आणि हरिभाऊ आपट्यांच्या वास्तवदर्शनाकडे जाण्याची वाट मोकळी होते. प्रस्तुत लेखिकेनेही अनेक वर्षे हा भाग असाच शिकवला. अद्भुत म्हणजे कल्पनेचा स्वैर संचार, ही त्यामागची गृहीत धरलेली समजूत होती. ती समजूत तपासून पाहण्याची वेळ एका अगदी अनपेक्षित ठिकाणी आली.

विरारमधील एका सदनिकेत काही महाविद्यालयीन विद्यार्थी रविवारी दुपारी एकत्र जमून एक खेळ खेळतात. टेबलावर वीस पैलूंचा एक फासा, पेन्सिली, आकडे मांडलेले कागद आणि एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ असतो. त्यांच्यापैकी एक विद्यार्थिनी आमच्या विभागातली. तिने एकदा वर्गानंतर थांबून विचारले, “मॅडम, हडळीचे नियम काय असतात?” हडळीच्या कथा काय आहेत, किंवा लोकसाहित्यात तिचे स्थान काय, असे तिने विचारले असते तर उत्तर तयार होते. ‘नियम’ या शब्दाने मात्र अडखळायला झाले. तिला हवे होते ते इतकेच: हडळ कुठे राहते, कशी ओळखावी, तिला काय करता येते, काय करता येत नाही आणि ती कशाने आवरते. दहा-पंधरा वर्षे लोकसाहित्याचा पेपर शिकवूनही या पाचांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे मला खात्रीने देता आली नाहीत. प्रस्तुत लेखाचे निमित्त ते आहे.

२

या खेळाला मराठीत रूढ नाव नाही. येथे ‘भूमिकाखेळ’ हा शब्द योजला आहे. त्यातील पहिला प्रकाशित खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्याचे मूळ शिशाच्या सैनिकांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात आहे. तीन वर्षांपूर्वीच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमपुस्तिकेला गायगॅक्स यांनी एक पुरवणी जोडली आणि तीत जादूगार व ड्रॅगन आणले. पुढे सैन्य गेले, एकेक व्यक्ती उरली, आणि युद्धाच्या जागी प्रवास आला.

खेळाची रीत थोडक्यात अशी. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. एक जण सूत्रधार होतो. तो स्थळकाळ वर्णन करतो आणि खेळाडूंव्यतिरिक्त सर्व पात्रांच्या मुखाने बोलतो. खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात. जे निश्चित नाही ते फाशावर ठरते. पट असलाच तर तो साहाय्यापुरता. हार-जीत ठरलेली नाही. कथा आधी लिहिलेली नसते आणि खेळ संपल्यावर ती कुठे उरतही नाही. लिहिलेले असतात ते फक्त नियम.

नाट्याच्या अभ्यासकाला येथे दशावतार आठवल्यावाचून राहणार नाही. दक्षिण कोकणातील दशावतारी मंडळींजवळ लेखी संहिता नसते. आख्यान ठरते, प्रवेशांची वाटणी होते, आणि संवाद रंगभूमीवर उभ्या उभ्या रचले जातात. तरीही कोणी काहीही बोलत नाही. संकासुराने काय करावे, राजाने कसे प्रवेशावे, युद्धनृत्य कुठे यावे याचे संकेत पक्के असतात. उत्स्फूर्तता आणि नियम यांत विरोध नसून नियमांच्या आधारानेच उत्स्फूर्तता उभी राहते, हे दशावताराने फार पूर्वी दाखवून दिले आहे. फरक एवढाच की तेथे आख्यानाचा शेवट प्रेक्षकालाही ठाऊक असतो, येथे तो सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

भूमिकाखेळाच्या नियमग्रंथांत वाङ्मयीन ऋणांच्या खुणा जागोजागी आहेत. जादूगाराने एकदा उच्चारलेला मंत्र त्याच्या स्मरणातून पुसला जातो आणि तो पुन्हा पाठ करावा लागतो, हा त्या खेळाचा दीर्घकाळ चाललेला नियम जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतलेला. बुटक्या, अनवाणी लोकांना प्रथम टोल्किन यांचेच ‘हॉबिट’ हे नाव होते. टोल्किन यांच्या कृतींचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतल्यावर १९७७ च्या सुमारास ते ‘हाफलिंग’ झाले. नाव बदलले, नियम तेच राहिले. म्हणजे या ग्रंथांच्या दृष्टीने पात्राची ओळख नावात नाही, ती त्याच्या नियमांत आहे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

३

आपल्या दृष्टीने विशेष मनोरंजक आहे ती राक्षसाची कथा. ‘राक्षस’ हा शब्द या खेळात १९७५ मध्येच, प्रकाशकांच्या एका नियतकालिकातून आला आणि १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या सूचिग्रंथात स्थिर झाला. तेथे तो भारतातील म्हणून सांगितला आहे. तो दुसऱ्याचे मन वाचतो आणि समोरच्याला विश्वासाची वाटेल अशा व्यक्तीचे रूप घेतो. साधी शस्त्रे त्याला लागत नाहीत, बहुतेक मंत्र चालत नाहीत. मात्र अभिमंत्रित केलेला आडव्या धनुष्याचा बाण लागला की तो तत्काळ मरतो.

हा शेवटचा तपशील आपल्या कोणत्या पुराणात आहे, असे विद्यार्थ्यांनी मला विचारले. तो कोणत्याही पुराणात नाही. ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या डिसेंबर १९७४ मधील एका भागात राक्षस होता, तो आप्तस्वकीयांचे रूप घेऊन माणसे मारीत असे आणि अशाच बाणाने मरत असे. राक्षस लंकेहून निघाला खरा, पण खेळात पोहोचला तो दूरचित्रवाणीच्या वाटेने.

त्याचे रूपही असेच घडले. सूचिग्रंथात डेव्हिड ट्रॅम्पिअर यांनी त्याचे चित्र काढले: वाघाचे डोके, अंगात उंची कोट, हातात चिलीम. नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे तळहात उलट्या बाजूला असतात असे विधान येऊन बसले आणि आज जगभरच्या खेळाडूंना राक्षस ओळखण्याची तीच खूण ठाऊक आहे. वाल्मीकीला ती ठाऊक नव्हती. पण कोकणातल्या वाचकाला उलटेपण अगदीच परके नाही. आपल्याकडे उलटे असतात ते हडळीचे पाय.

या राक्षसाकडे दोन प्रकारे पाहता येईल. ‘आमच्या पुराणांची विटंबना’ ही एक प्रतिक्रिया झाली. तिच्यात काही हशील आहे असे मला वाटत नाही. रूप पालटणारा राक्षस ही कल्पना तर नीट उचलली गेली आहे. मारीच सुवर्णमृग होतो आणि मरताना रामाच्या आवाजात हाक मारतो, यात समोरच्याला प्रिय असलेले सोंग घेण्याचा धर्म स्पष्ट आहे. आक्षेप घ्यायचा तो दुसऱ्या गोष्टीला. या खेळात प्रत्येक जीवजातीची नैतिक वृत्ती एका चौकटीत नोंदवलेली असते. मूळ पुस्तिकांत सुव्यवस्था, अव्यवस्था आणि मधली उदासीनता अशा तीन वृत्ती होत्या, पुढे साधू-दुष्ट हा अक्ष मिसळून नऊ घरे झाली. राक्षस ‘सुव्यवस्थित दुष्ट’ या घरात बसतो, आणि ते घर त्याच्या अख्ख्या जातीला लागू असते. मग बिभीषण कुठे बसवायचा? भीमाचा मुलगा घटोत्कच कुठे? नियम करणाऱ्यांनी राक्षसाची शक्ती घेतली, त्याचे कूळ आणि कर्म टाकून दिले. (खेळाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही घरे बरीच सैल झाली आहेत, हे नोंदवणे न्याय्य होईल.)

४

घटोत्कचाचे नाव आले आहे तर थोडे थांबू. कर्णाला इंद्राने दिलेली वासवी शक्ती अमोघ आहे, पण ती एकदाच वापरता येते. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आहे. कृष्ण रात्रीच्या युद्धात घटोत्कचाला पुढे करतो, कौरवसेना होरपळते, आणि कर्णाला ती शक्ती त्याच्यावर सोडावी लागते. घटोत्कच पडल्यावर पांडव शोक करतात, कृष्ण मात्र आनंदतो. हा प्रसंग आपण कृष्णनीतीचे उदाहरण म्हणून शिकवतो. पण त्याचा सांगाडा पाहिला तर तो शुद्ध नियमाचा आहे: एकदाच चालणारे अस्त्र, आणि ते भलत्या ठिकाणी खर्च करायला लावणारा प्रतिपक्ष. विरारच्या टेबलावर ही कथा सांगितली तेव्हा तिचे मर्म जितक्या चटकन कळले तितक्या चटकन ते माझ्या वर्गात कधी कळले नव्हते.

वर आणि शाप ही पुराणकथेची यंत्रे याच जातीची आहेत. हिरण्यकशिपू मरण नको म्हणत नाही; तो मरणाच्या अटी मागतो. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. नरसिंहाची कथा म्हणजे त्या अटींच्या फटींतून काढलेली वाट आहे. रावण देव, गंधर्व, यक्ष यांपासून अभय मागतो आणि तुच्छतेने माणसाचे नाव वगळतो. भस्मासुराला मिळालेल्या वरात स्वतःचे डोके वगळलेले नाही. या कथांत देवसुद्धा नियम मोडत नाहीत. देवाला तसे करता आले असते तर अवताराची गरजच नव्हती. अद्भुताला स्वैर म्हणणाऱ्या समीक्षेला ही साधी गोष्ट निसटली असे म्हणावे लागते.

या सर्वांत मला सर्वाधिक देखणी रचना वाटते ती वेताळपंचविशीची. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त ती आहे आणि मराठी वाचकाच्या अनेक पिढ्या तिच्यावर वाढल्या. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मौन पाळायचे, बोलला तर वेताळ झाडावर परततो, हा पहिला नियम. उत्तर माहीत असून बोलला नाही तर मस्तकाची शकले होतील, हा दुसरा. पहिल्या नियमाप्रमाणे मौन हवे, दुसऱ्याप्रमाणे ज्ञान्याला मौन निषिद्ध. शहाणा राजा असेल तर खेळ कधीच संपणार नाही, आणि मूर्ख असेल तर तो या खेळाला पात्रच नाही. ही कोंडी फुटते ती शेवटच्या प्रश्नाला राजाला उत्तर सुचत नाही तेव्हा. तो खरोखरच निरुत्तर होतो, म्हणून त्याचे मौन निर्दोष ठरते आणि वेताळ प्रसन्न होतो. दोन नियमांच्या छेदबिंदूवर माणसाच्या अज्ञानाला जागा करून देणारी ही रचना कोणत्याही नियमग्रंथाने हेवा करावा अशी आहे. आधीच्या सगळ्या उत्तरांपेक्षा ते एक मौन राजाला अधिक उपयोगी पडले.

५

येथवर पुराणे व कथाग्रंथ झाले. पण विद्यार्थिनीचा प्रश्न हडळीविषयी होता, आणि हडळ ग्रंथांतली नव्हे, गावातली.

कोकणच्या भुतांची पहिली मोठी लेखी नोंद इंग्रजी अमदानीत झाली. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गोळा केलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ साली लोकविद्येच्या टिपणांचा कोकण-खंड सिद्ध केला. जॅक्सन तोवर हयात नव्हते. डिसेंबर १९०९ मध्ये नाशकात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आले असताना अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. पण त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून भुताखेतांविषयी प्रश्नावली भरून घेतल्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या मास्तरांनी दिलेली उत्तरे कथारूप नाहीत. ती जवळजवळ सगळी ‘अमुक असेल तर तमुक होते’ अशा वाक्यांची आहेत. म्हणजे त्यांनी नियमच लिहून पाठवले होते.

या नियमांची पहिली विभागणी घरचे भूत आणि बाहेरचे भूत अशी. पुढे प्रत्येक भुताला त्याच्या मरणावरून जात मिळते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. इच्छा अपुरी ठेवून किंवा धनावर जीव ठेवून मेलेला ब्राह्मण समंध होतो व पुरलेल्या धनाची राखण करतो. बाळंतपणात किंवा गरोदरपणी मेलेली बाई हडळ होते. पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा होतो आणि वाटसरूला पाण्याकडे ओढतो. त्याचा केस ज्याच्या हाती लागेल त्याची त्याला चाकरी करावी लागते, पण केस परत मिळाला की तो सूड घेतो. चकव्यात सापडलेला माणूस रात्रभर एकाच जागी फिरत राहतो. त्याने चालणे थांबवून उजाडेपर्यंत बसून राहावे.

आता राक्षसाच्या इंग्रजी नोंदीशेजारी ही यादी ठेवून पाहावी. तेथे शक्ती, दुबळेपणा आणि वृत्ती आहे, पण राक्षस का झाला याला उत्तर नाही. आपल्या यादीत नियमाचा आरंभच ‘का’पासून होतो. भूत म्हणजे अपुरे राहिलेले काहीतरी. हडळीचा नियम नीट वाचला तर तो ज्या काळी बाळंतपणात बाया सर्रास मरत होत्या त्या काळचा दस्तऐवज आहे. त्याच वेळी हेही लपवण्याचे कारण नाही की ही यादी समाजाची उतरंड जशीच्या तशी भुतांवर चढवते. ब्राह्मणाच्या भुताला धनाची राखण, आणि मुसलमानाच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसाच्या भुताला खवीस ठरवून सर्वांत क्रूर कामे. मेलेल्या बाईलाच भय ठरवण्यात जिवंतपणी तिच्याकडे झालेल्या दुर्लक्षाची जबाबदारी झटकलेली आहे. लोकविद्येचे प्रेम असणाऱ्यांनी हे वाचताना डोळे मिटू नयेत.

अंधश्रद्धा म्हणून यादी फेकून देणारे आणि लोकधन म्हणून तिला हार घालणारे, दोघेही तिच्या वाक्यांच्या घडणीकडे पाहत नाहीत असा माझा अनुभव आहे. आमच्या विभागात वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांकडून लोककथा गोळा करून घेतल्या गेल्या. त्या वह्यांत कथा आहेत, ओव्या आहेत, म्हणी आहेत. नियम नाहीत, कारण ते मागितलेच नव्हते.

६

ते मागण्यासाठी आगाशीच्या माझ्या आत्यांकडे गेले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांना ‘भुतांच्या गोष्टी सांगा’ म्हटले की त्या हसून टाळतात. ‘गिऱ्हा कुठे जाऊ शकत नाही?’ असे विचारल्यावर मात्र त्या अगदी व्यवहाराच्या सुरात सांगू लागल्या. गिऱ्हा बावखलाच्या काठाबाहेर येत नाही. भर बाराच्या उन्हात आणि तिन्हीसांजेला त्याचे बळ असते. नाव घेऊन हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारील.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी: बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, भोवतालच्या विहिरी त्यावर जगतात, बागायतीला पाणी मिळते. आत्यांचे तीनही नियम मुलांना खोल पाण्यापासून दूर ठेवणारे आहेत, हे उघड आहे. दुपारी मोठी माणसे झोपलेली आणि सांजेला कामात असतात. मुलांवर लक्ष नसते ते नेमके याच वेळी. पण एवढे म्हटले की नियमाचा उलगडा संपला असे मला वाटत नाही. पहिल्या हाकेला ओ न देणारे मूल केवळ पाण्यापासून वाचत नाही. आपल्या माणसाच्या आवाजावरही क्षणभर संशय घ्यायला ते शिकते. मारीचाच नियम हा, बावखलाच्या काठी आलेला.

हे नियम विद्यार्थिनीने आपल्या खेळात घेतले. तिने हडळही आणली, पण आकड्यांच्या जोडीला एक अट घालून: तिला शस्त्राने हरवता येत नाही, तिचे बाळंतपण कुठे आणि कोणामुळे फसले हे जो शोधून काढील त्याच्या वाटेतून ती बाजूला होते. खेळाडूंचे दोन रविवार त्या शोधात गेले. फासा फार थोड्या वेळा पडला. मी एका कोपऱ्यात बसून टिपणे घेत होते, आणि त्यांतल्या एका तरुणाने सुईणीला विचारलेले प्रश्न ऐकताना लिहायचे राहून गेले, हे कबूल करते.

गिऱ्हाच्या प्रसंगात मात्र खेळ अडला. खेळाडू निर्मळच्या बाजूला बावखलाच्या ठिकाणी पोहोचले आणि त्यांच्यातल्या एकाने, जो स्वतः तिथलाच, सांगितले की ते बावखल आता नाही. भराव टाकून त्यावर इमारत झाली आहे. वसई-विरारमध्ये अशी कितीतरी बावखले बुजली आहेत, त्यामुळे ही हरकत खोटी म्हणता येईना. काठाबाहेर न येणाऱ्या गिऱ्हाचा काठच नाहीसा झाला तर तो कुठे जातो? एन्थोव्हेनच्या खंडात याला उत्तर नाही. १९१५ साली असा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. विद्यार्थिनीने फासा उचलला, खाली ठेवला, आणि आत्यांना विचारून या म्हणून मला सांगितले.

पुढच्या आठवड्यात विचारले. आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की गिऱ्हा कुठे जात नाही, तो तिथेच असतो. पावसाळ्यात त्या इमारतींच्या तळमजल्यांत गुडघाभर पाणी येते ना, तेवढाच त्याचा काठ. तिथे मुलांना एकटे सोडू नये. हा नियम मी तारीख घालून वहीत उतरवून घेतला आहे.